हे सांगू नकोस हं

आमच्या घराखालच्या शिवणाच्या दुकानात तीन माणसं होती आणि दोन भाषा. तिघांपैकी एकालाच दोन्ही भाषा येत होत्या, म्हणून दुकान चालत होतं.

आत शिरलं की उजव्या हाताला मास्तरांचं मशीन आणि कापायचं टेबल. डाव्या हाताला रस्त्याकडची रुंद खिडकी, आणि खिडकीच्या कट्ट्यावर उशी टाकून बसलेल्या काजमावशी. दोघांच्या मध्ये इस्त्रीचं टेबल. त्या टेबलापाशी उभे राहणाऱ्या भाऊंना सगळे 'मधले' म्हणत. त्यांचं टेबल मध्ये होतं म्हणून ते नाव पडलं की ते स्वतःच सारखे मध्ये पडत म्हणून, हे कुणी विचारलं नाही.

मास्तर तरुणपणी दुसऱ्या देशातून आले ते इथलेच झाले, फक्त आपली भाषा त्यांच्या जिभेवर कधी बसली नाही. गिऱ्हाइकांशी बोलायला त्यांना चार शब्द पुरत: घट्ट, सैल, उद्या, परवा. त्यातला 'परवा' फार झिजलेला. मी शिकवायचे त्या शाळेतही चार-पाच मास्तर होते, पण गल्लीत नुसतं 'मास्तर' म्हटलं की कुणाच्या डोळ्यांपुढं आमचे गणिताचे सर येत नसत. गळ्यात टेप, कानामागं खडू आणि कमरेत जरासा बाक असलेला हा उंच माणूसच येई.

काजमावशी मात्र इथल्या. लग्न होऊन या गल्लीत आल्या तेव्हा त्यांच्या गाठीला एकच विद्या होती, आत्याकडून शिकलेली. कोटाला, सदऱ्याला बटण अडकवायची जी चीर असते, तिच्या कडा रेशमी दोऱ्यानं अशा गुंफायच्या की कापड फाटेल पण काज उसवणार नाही. बाकी शिवण त्यांना फारसं येत नसे आणि त्याची त्यांना खंतही नव्हती. "सगळ्यांनाच सगळं आलं तर एकमेकांकडं जायचं कशाला?" असं त्या म्हणत. यजमान छापखान्यात कामाला होते, ते लवकर गेले. मुलगी लहान होती. ती माझ्या वर्गात होती. शाळा सुटली की दुकानात येऊन कापडाच्या तुकड्यांच्या ढिगावर झोपून जाई, आणि मास्तर मशीन थांबवून हातानं टाके घालत बसत, पोरगी जागी होऊ नये म्हणून. हे मी माझ्या डोळ्यांनी कितीदा पाहिलंय.

मावशींची एक पद्धत होती. काज आधी कापायचं आणि मग गुंफायचं. कात्री लागली की परत फिरणं नाही. म्हणून कापलेलं काज पुरं केल्याशिवाय त्या पाणीसुद्धा पीत नसत. कुणी हाक मारली तर मान न उचलता म्हणायच्या, "काज उघडं आहे, थांबा." गल्लीतल्या पोरांनी ते वाक्य उचललं होतं. अभ्यासाला बोलावलं की पोरं खेळातून ओरडायची, "काज उघडं आहे!"

आता या तिघांचं बोलणं. मी वरच्या मजल्यावर राहत असल्यानं येता-जाता ते कानावर पडायचं, आणि खरं सांगायचं तर पुष्कळदा काही काम नसतानाही मी तिथं टेकत असे.

मास्तर कोट हातात घेऊन, टेबलावर बोट आपटत, बराच वेळ काहीतरी बोलत. मधले इस्त्री उभी करून शांतपणे ऐकून घेत. मग खिडकीकडं वळून म्हणत, "मास्तर म्हणतात, हे दुसरं काज जरा बघा."

"एवढं बोलले आणि 'जरा बघा'?"

"त्यांची भाषा लांब आहे."

"बरं. मग त्यांना सांग, काजाला नावं ठेवण्याआधी आपला खांदा बघा म्हणावं. उंटाला घालायचाय का हा कोट?" एवढं बोलून मावशी जराशा पुढं झुकत, आवाज खाली आणत. "नको. हे सांगू नकोस हं. सांग, बघते."

मधले वळून मास्तरांना दोन शब्द सांगत. मास्तर मान हलवत. काम पुढं चालू.

'हे सांगू नकोस हं' हे मावशींचं रोजचं वाक्य. मधल्यांपाशी त्या मन मोकळं करायच्या आणि शेवटी हे कुलूप लावायच्या. पलीकडून मास्तरही काही कमी नव्हते. तेही मधल्यांच्या कानाशी लागून काहीबाही पुटपुटत आणि मग बोट ओठांवर ठेवत. बिचाऱ्या मधल्यांच्या पोटात दोन्हीकडचं किती साठलं असेल, कोण जाणे. त्यांची आई मास्तरांच्या मुलखातली, वडील आपल्याकडचे. लहानपणापासूनच आईचं वडलांना आणि वडलांचं आईला पोचवायची सवय. एकदा मी त्यांना म्हटलं, "भाऊ, तुम्ही निम्मंच सांगता."

"निम्मं सांगतो म्हणून तर दुकान उघडं आहे, बाई," ते म्हणाले. "सगळं सांगितलं असतं तर मला इस्त्री ठेवायला तरी जागा राहिली असती का?"

इतक्या वर्षांत मावशी आणि मास्तर एकमेकांची भाषा का शिकले नाहीत, असं मला माझ्या बहिणीनं एकदा विचारलं होतं. सुई, दोरा, काळा, पांढरा, चहा, एवढं दोघांनाही दोन्हीकडचं येत होतं. त्यापुढं गरजच पडली नाही. नदीवर पूल असला की पोहायला कोण शिकतो?

गेल्या वर्षी मधले गेले. आजारपण वगैरे काही नाही, एके सकाळी उठलेच नाहीत. त्यानंतर दुकानात शिरलं की चुकल्यासारखं व्हायचं. मशीन चालू असायचं, मावशी खिडकीत असायच्या, इस्त्रीचं टेबल होतं तिथंच होतं. पण बोलणं बंद. मास्तरांनी काज उलटून पाहायचं आणि परत ठेवायचं. मावशींनी खांद्याकडं बघून सुस्कारा टाकायचा. चहा आला की मास्तर 'चहा' म्हणायचे आणि मावशी 'चहा' म्हणायच्या. दुपारभरात दोघांमधलं संभाषण एवढंच.

मग बातमी आली ती मास्तरांच्या जाण्याची. त्यांची मुलगी लग्न होऊन तिसऱ्याच एका देशात राहते. तिनं वडलांना कायमचं बोलावून घेतलं. मास्तरांचे गुडघे गेलेले, जिना चढवत नव्हता. त्यांनी दुकान एका तरुण शिंप्याला द्यायचं ठरवलं. पोरगा चांगला होता, हुशार होता. तो काजं करायचं मशीन आणणार होता आणि खिडकीत काचेचं कपाट करून तयार कपडे मांडणार होता. खिडकीत, म्हणजे मावशींच्या कट्ट्यावर.

मावशी मला जिन्यात भेटल्या तेव्हा मी म्हटलं, "मावशी, तुम्ही मास्तरांशी बोला. अजून काही पक्कं झालेलं नाही. त्यांनी शब्द टाकला तर तो पोरगा तुम्हाला ठेवून घेईल."

"मी कशाला बोलू? एवढी वर्षं बसले, कधी काही मागितलं नाही. आता जाताना हात पसरू?"

"हात कुठं पसरायचाय? मनातलं सांगायचंय."

"कुणाला सांगू?" त्या म्हणाल्या. "मधला आहे कुठं?"



त्याच आठवड्यात मास्तरांच्या मुलीनं मोबाइल पाठवला. तिच्या सासरची माणसं तिसरीच भाषा बोलतात. वडील तिथं आल्यावर मुक्यासारखे बसून राहू नयेत म्हणून तिनं मोबाइलमध्ये एक सोय करून दिली होती. एका भाषेत बोलायचं, की तो दुसऱ्या भाषेत बोलून दाखवतो. जगातल्या वाटेल त्या भाषा. इथं आहात तोवर सराव करा, असं तिनं बजावलं होतं. सरावाला मास्तरांना मावशींखेरीज होतं कोण? मी माझ्या पुतण्याचा कोट दुरुस्तीला घेऊन गेले होते, म्हणून तो सराव मला पाहायला मिळाला.

मास्तरांनी मोबाइल इस्त्रीच्या टेबलावर, मधल्यांच्या घोंगडीवर ठेवला. दाबून बोलायची जागा मावशींना दाखवली.

"बटण दाबायचं होय? आम्ही जन्मभर लावत आलो," मावशी त्यावर बोट ठेवूनच मला म्हणाल्या. मोबाइलनं लगेच तेही मास्तरांना सांगून टाकलं. मास्तर हसले. मावशींना कळेना, आपण तर मास्तरांना काही बोललोच नव्हतो.

मास्तर बोलले. मोबाइलमधून एका तरुण मुलीचा आवाज आला, स्टेशनवर गाड्यांची वेळ सांगतात तसा. "आपल्या हाताच्या बोटांना वेदना होत असतात. आता आपल्याला विश्रांती प्राप्त होईल. मला याचा आनंद आहे."

"अगंबाई, केवढं शुद्ध बोलते. ही तुमच्या शाळेतली का हो, बाई?"

"माझ्या शाळेतली असती तर एवढी सरळ उभी राहून बोलली नसती," मी म्हटलं.

मावशींनी उशी सरकवली, माझ्या पुतण्याचा कोट बाजूला ठेवला आणि मोबाइलकडं वळल्या. मास्तरांकडं नाही, मोबाइलकडं. मधल्यांकडं वळायच्या तशाच. बोट दाबून धरलं. "अगं पोरी, त्यांना सांग, हो म्हणावं, बरंच झालं. बोटं दुखतातच. आता घरी बसेन, नातीला खेळवेन." मग त्या जराशा पुढं झुकल्या आणि आवाज खाली आणला. बोट मात्र तसंच दाबलेलं राहिलं.

"आणि हे सांगू नकोस हं. घरी बसून मी काय करू? नात शाळेत जाते. सकाळी उठले की पाय आपोआप इकडं वळतात. या खिडकीत बसून दोऱ्याला मेण लावल्याशिवाय मला दिवस उगवल्यासारखा वाटत नाही. त्या पोराला यांनी एक शब्द टाकला असता तर काय बिघडलं असतं? पण मी मागणार नाही. आणि हे निघून गेल्यावर खांद्याला नावं तरी कुणाच्या ठेवू? जाऊ दे. हे सांगू नकोस."

त्यांनी बोट उचललं. मी हात पुढं केला होता, पण तोवर उशीर झाला होता.

मोबाइल बोलू लागला. त्याच आवाजात, त्याच अदबीनं, मास्तरांच्या भाषेत. मास्तर आधी हसऱ्या चेहऱ्यानं ऐकत होते. मग त्यांच्या हातातली कात्री टेबलावर टेकली. मग त्यांनी चष्मा काढला. आवाज चालूच होता.

"एवढं काय बोलतेय ही?" मावशी मला म्हणाल्या. "भाषा लांब आहे हे खरं, पण..." आणि त्या थांबल्या. त्यांनी मास्तरांच्या चेहऱ्याकडं पाहिलं, मग माझ्या. "सगळं सांगितलं हिनं?"

मी मान हलवली.

"मी नको म्हटलेलं पण?"

"नको म्हटलं होतं, हेसुद्धा."

मावशी उठल्या. सुई उशीत खोचली, अंगुस्तान बोटातून काढून ठेवलं. "चोंबडी," त्या मोबाइलला म्हणाल्या. "मधल्यानं असं कधी केलं नसतं." आणि चपला घालून निघून गेल्या. मास्तरांनी हाक मारायला तोंड उघडलं, पण त्यांच्या चार शब्दांत ती हाक बसत नव्हती.

दुसऱ्या दिवशी खिडकी रिकामी. मी त्यांच्या घरी गेले तर मावशी भांडी घासत होत्या. घासलेलीच भांडी पुन्हा.

"येणार नाही मी. तोंड कसं दाखवू? त्यांना वाटेल, म्हातारी इतकी वर्षं गप्प बसून मनात हेच धरून होती. आता दयेपोटी जागा देतील. मला नको."

मी समजूत घातली नाही. मावशींची समजूत घालणं म्हणजे दगडावर पाणी. मी फक्त म्हटलं, "बरं. पण माझ्या पुतण्याच्या कोटाचं खालचं काज उघडं आहे."

त्यांचे हात थांबले. "उघडं आहे?"

"तुम्हीच कापलंय. काल, त्या मोबाइलच्या नादात."

"मग आधी नाही का सांगायचं?" त्या हात पुसत उठल्या. "त्या काजाला आता दोरे सुटतील."

आम्ही दोघी दुकानात आलो तेव्हा मास्तर मशीनवर नव्हते. मावशींच्या कट्ट्यासमोर स्टूल घेऊन बसले होते आणि बाजूला तो तरुण शिंपी उभा होता. मावशींना पाहून तरुण शिंपी 'येतो' म्हणून निघाला. जाताना मावशींना म्हणाला, "मावशी, कोटाची काजं मशीननं चांगली होत नाहीत म्हणे?" मावशी तशाच पुढं गेल्या. कट्ट्यावर बसल्या, कोट मांडीवर घेतला, अंगुस्तान घातलं आणि मान खाली घातली.

मास्तर उठले. गुडघ्यावर हात ठेवत इस्त्रीच्या टेबलापाशी गेले. मोबाइल तिथंच घोंगडीवर होता. त्यांनी तो उचलला नाही. टेबलावर वाकले, इकडं-तिकडं पाहिलं, जणू मधले तिथं उभेच आहेत आणि त्यांच्या कानाशी लागायचंय. बोट दाबून हळू आवाजात, थांबत थांबत, बोलत राहिले. शेवटी बोट ओठांवर ठेवलं. मग बाजूला झाले.

त्या मुलीचा आवाज आला, तसाच शुद्ध.

"हे तिला सांगू नकोस. ती रागावेल. मी अनेक वर्षं तिची काजं उलटी करून पाहिली. दोष शोधण्यासाठी नाही. ती मागील बाजूनंही सुंदर असतात, म्हणून. इस्त्री करणाऱ्या मित्रानं तिला हे कधी सांगितलं नाही. मीच त्याला सांगू नको म्हटलं होतं. मी त्या तरुणाला दुकान देत आहे. खिडकी देत नाही. खिडकी तिची आहे. ती येईल तोपर्यंत तिची, आणि ती आली नाही तर रिकामी राहील. त्याला हे मान्य आहे. मला दूर राहून ही खिडकी डोळ्यांसमोर आणायची आहे, आणि तिच्यात काचेचं कपाट नको. हे तिला सांगू नकोस, नाहीतर ती म्हणेल की तिनं मागितलं नव्हतं."

मावशींची सुई चालू होती. काज अर्ध्यावर आलेलं होतं, ते त्यांनी पुरं केलं, गाठ मारली, दातानं दोरा तोडला. मग त्या कट्ट्यावरून पुढं झुकल्या, हात लांबवून बोट दाबलं.

"त्यांना सांग," मावशी म्हणाल्या, "मी काही ऐकलं नाही म्हणावं."

मोबाइलनं ते सांगितलं. मास्तर असे हसले की त्यांना खोकला आला, आणि मावशींनी पाण्याचा तांब्या पुढं केला. "आणि सांग, खांदा सरळ शिवायला शिका म्हणावं, तिकडं तरी. हे सांग हं. हे नक्की सांग."

महिनाअखेर मास्तर गेले. मला वाटलं होतं की मावशींना ती खिडकी आता मोठी वाटेल, आणि सुरुवातीला तसं झालंही. त्या अधूनमधून मशीनकडं बघून सुस्कारा टाकायच्या, पण तिथं दुसराच माणूस असायचा आणि त्याचे खांदे चांगले असायचे. "ह्याला काही बोलायलाच जागा नाही," असं त्यांनी तक्रारीच्या सुरात मला सांगितलं.

मास्तरांनी स्वतःचा जुना मोबाइल मावशींसाठी ठेवला होता. मुलीनं त्यातही ती सोय घालून दिली. आता कधी दुपारी मास्तरांचा फोन येतो. मावशी मोबाइल कानाला लावत नाहीत. इस्त्रीच्या टेबलावर ठेवतात. नव्या शिंप्याला ते टेबल भिंतीशी सरकवायचं होतं, त्याला त्यांनी सरकवू दिलं नाही. पलीकडं मास्तरांच्या मुलीचं घर असतं, तिची सासू असते, तीही मधूनच तिसऱ्या भाषेत काही बोलते, आणि या सगळ्यांचं आपल्याकडं मराठी होऊन येतं. मास्तर विचारतात, कुणाची काजं चालू आहेत, ऊन खिडकीत किती वाजेपर्यंत असतं, मावशींची नात कितवीत गेली. मावशी सगळं सांगतात. मग पुढं झुकतात, आवाज खाली आणतात आणि म्हणतात, "हे सांगू नकोस हं."

मी एकदा म्हटलं, "मावशी, ती सगळं सांगते. ठाऊक आहे ना आता?"

"ठाऊक आहे," त्या दोऱ्याला मेण लावत म्हणाल्या. "म्हणून तर तिला सांगते."

मी वर जायला निघाले. जिन्यात मागून त्यांचा आवाज येत होता, दबका, लांबलचक, आणि थोड्या वेळानं त्या मुलीचा, तितकाच लांबलचक. मधले असते तर दोन शब्दांत आटोपलं असतं.